आइस्क्रीमचं दुकान बंद करून निघालेली एमा

मोर्चात दगड उचलावा का? एमा गोल्डमननं या प्रश्नाचं उत्तर विसाव्या वर्षी एक दिलं, पन्नाशीत दुसरं. मधल्या तीस वर्षांची ही गोष्ट.

१८९२ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वूस्टर. रशियातून आलेली तीन तरुण पोरं तिथे आइस्क्रीम पार्लर चालवत होती. एमा गोल्डमन, नुकतीच तेवीस पूर्ण झालेली. तिचा जोडीदार अलेक्झांडर बर्कमन, एकवीस वर्षांचा. तिसरा बर्कमनचा चुलतभाऊ, हा चित्रकार. कॉफी चांगली मिळते म्हणून गिऱ्हाईक वाढत होतं. चार पैसे जमले की रशियात परत जायचं आणि क्रांतीत उडी घ्यायची, असा तिघांचा प्लॅन होता.

एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या हातातल्या पेपरवर एमाची नजर गेली. पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड गावात पोलाद कारखान्याच्या कामगारांना कंपनीनं बाहेर काढलं होतं. एमानं हातातलं काम टाकलं आणि ती धावतच दोघांना सांगायला गेली. त्याच दिवशी पार्लरला कुलूप लागलं आणि तिघं न्यूयॉर्कच्या गाडीत बसले.

पुढच्या काही आठवड्यांत जे घडलं, त्याचं ओझं एमा जन्मभर वागवणार होती.

शिलाई मशीन आणि पाच डॉलर

एमाचा जन्म २७ जून १८६९ चा, रशियन साम्राज्यातल्या कोव्नो शहरातला. आज ते लिथुआनियातलं कौनास. ज्यू कुटुंब, घरात पैशांची चणचण आणि वडील प्रचंड तापट. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावायचं त्यांच्या मनात होतं, तिला शिकायचं होतं. शेवटी १८८५ मध्ये सावत्र बहीण हेलेनाबरोबर ती अमेरिकेला आली आणि रॉचेस्टरमध्ये कोट शिवायच्या कारखान्यात लागली. रोज साडेदहा तास काम, आठवड्याला अडीच डॉलर पगार. मग एक लग्न झालं, ते टिकलं नाही.

तिला खरा धक्का दिला तो शिकागोनं. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून अमेरिकेत मोठा संप सुरू झाला होता. आपण महाराष्ट्र दिनाच्या दिवशीच कामगार दिनही पाळतो, त्याचं मूळ या आंदोलनात आहे. ३ मे रोजी संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधासाठी ४ मे रोजी हेमार्केट चौकात सभा भरली. सभा संपत आली, पाऊस पडायला लागला, लोक घरी निघाले, आणि तेवढ्यात पोलिसांची मोठी तुकडी सभा उधळायला आली. गर्दीतून कुणीतरी बॉम्ब फेकला. मग पोलिसांनी गोळीबार केला. सात पोलीस आणि किमान चार नागरिक गेले.

बॉम्ब कुणी फेकला, हे आजवर कळलेलं नाही. पण आठ अराजकवादी कार्यकर्त्यांवर खटला चालला. बॉम्ब त्यांनी फेकला हे सिद्ध करायची गरज कोर्टाला वाटलीच नाही. त्यांची भाषणं आणि लेख पुरेसे ठरले. ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी झाली. एकानं आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना सहा वर्षांनी गव्हर्नरनं सोडलं, आणि खटलाच अन्यायाचा होता असं जाहीरपणे नोंदवलं.

अठरा वर्षांची एमा हे सगळं पेपरमध्ये वाचत होती. फाशीच्या दिवशी आपला दुसरा जन्म झाला, असं ती पुढे मानायची.

ऑगस्ट १८८९ मध्ये ती एकटीच न्यूयॉर्कला आली. जवळ शिलाई मशीन, एक बॅग आणि पाच डॉलर. पहिल्याच दिवशी एका कॅफेत तिला बर्कमन भेटला. संध्याकाळी त्यानं तिला योहान मोस्ट या जर्मन वक्त्याच्या सभेला नेलं. मोस्टनं तिच्यातली वक्ता हेरली आणि तिला स्टेजवर उभं केलं.

शब्दाचा घोळ

मराठीत अराजक म्हटलं की डोळ्यांपुढे गोंधळ, जाळपोळ येते. म्हणून आपल्याकडचे काही अभ्यासक या विचाराला अराज्यवाद म्हणतात. ते जास्त नेमकं आहे. राज्यसंस्था, तिचे पोलीस, तुरुंग, सैन्य आणि त्यांच्या जिवावर टिकणारी मालकी नको. माणसं आपापसात ठरवून, सहकारानं जगू शकतात, असा हा विचार.

पण तिथपर्यंत पोचायचं कसं? इथे अराजकवाद्यांमध्येच दोन तट होते. काहींचा भर संघटना, संप, शिक्षण यांवर. काहींना वाटायचं, लोक भाषणांनी जागे होत नाहीत. एखाद्या जुलमी माणसावर हल्ला करा, म्हणजे लोकांना कळेल की सत्ता अजिंक्य नसते. याला कृतीतून प्रचार म्हणायचे. १८८१ मध्ये रशियात क्रांतिकारकांनी झारला मारलं, तेव्हा या कल्पनेला वजन आलं. पुढच्या वीस वर्षांत फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, स्पेनचा पंतप्रधान, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि इटलीचा राजा अराजकवाद्यांच्या हातून मेले.

एमा आणि बर्कमन या दुसऱ्या तटातले होते. वय विशीचं आणि हेमार्केटची जखम ताजी.

होमस्टेड

होमस्टेडचा कारखाना अँड्र्यू कार्नेगीचा. तो स्कॉटलंडला गेला होता आणि कारभार हेन्री फ्रिककडे होता. फ्रिकला युनियन मोडायची होती. त्यानं कारखान्याभोवती कुंपण घातलं, कामगारांना बाहेर काढलं आणि पिंकर्टन या खासगी एजन्सीची सुमारे तीनशे हत्यारबंद माणसं नदीतून बार्जवर आणली. ६ जुलैला नदीकाठी दिवसभर लढाई झाली. दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसं मेली. पण पिंकर्टनवाल्यांना शरण यावं लागलं. देशभरातली सहानुभूती त्या दिवशी कामगारांच्या बाजूनं होती.

आणि नेमकं तेव्हा बर्कमननं ठरवलं, फ्रिकला मारायचं.

आधी बॉम्ब करायचा प्रयत्न झाला. न्यूयॉर्कमधल्या एका चाळीसारख्या इमारतीत, जिथे शेजारीपाजारी लेकुरवाळी बिऱ्हाडं होती, तिथे बर्कमन रात्री रसायनं हाताळायचा आणि एमा पहारा द्यायची. चाचणीचा बॉम्ब फुटलाच नाही. मग पिस्तूल घ्यायचं ठरलं, तर पैसे नव्हते. एमा पैशांसाठी देहविक्री करायच्या इराद्यानं रस्त्यावर उभी राहिली. तिच्या आत्मचरित्रात हा प्रसंग तिनं स्वतःच सांगितलाय. एका वयस्कर गृहस्थानं तिला ड्रिंक पाजलं, हे तुझं काम नव्हे असं सुनावलं, दहा डॉलर हातावर ठेवले आणि घरी पाठवलं. बाकीचे पैसे तिनं आजारी असल्याची थाप मारून हेलेनाकडून मागवले.

२३ जुलैला बर्कमन पिट्सबर्गला फ्रिकच्या ऑफिसात घुसला. त्यानं गोळ्या झाडल्या, मग धारदार हत्यारानं वार केले. फ्रिक वाचला आणि लवकरच कामावर परत आला. धरपकडीत बर्कमनच्या डोक्यात हातोडा घातला तो तिथे काम करणाऱ्या एका सुतारानं. ज्या कामगारांसाठी आपण जीव द्यायला निघालो, त्यांच्यापैकीच एकानं आपल्याला का मारलं, हे बर्कमनला कितीतरी दिवस उमगत नव्हतं.

त्याला बावीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली चौदा त्यानं भोगली. होमस्टेडच्या कामगारांनी या हल्ल्याशी संबंध नाकारला. राज्याचं सैन्य आधीच गावात आलं होतं, बदली कामगारही आले होते, त्यामुळे संप फक्त बर्कमनमुळे बुडाला असं म्हणता येत नाही. पण चर्चा मजुरीवरून उठून पिस्तुलावर गेली, ती गेलीच. नोव्हेंबरमध्ये संप संपला आणि युनियन मोडली.

हे वाचताना मला माझीच एक बातमी आठवली. मागच्या वर्षी रिपोर्टिंगच्या असाइनमेंटसाठी मी फीवाढीविरोधातल्या एका मोर्चाला गेले होते. दोन-अडीच तास पोरं उन्हात शांत बसली होती. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी गेटच्या काचेवर दगड मारला. माझ्या बातमीचं पहिलं वाक्य काचेचं होतं. फी किती वाढली, हे चौथ्या पॅरात. दगड कुणी मारला, हे मी शोधलंही नाही.

भाकरीचं भाषण

वर्षभरात अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, लाखो लोक बेकार झाले. २१ ऑगस्ट १८९३ ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये बेकारांची सभा झाली. हजारोंच्या मोर्चाच्या पुढे लाल झेंडा घेऊन एमा होती. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं, की श्रीमंतांकडे आधी काम मागा, काम नसेल तर भाकरी मागा आणि दोन्ही नाकारलं तर भाकरी घ्या, तो तुमचा हक्क आहे.

सभा संपली. लोक घरी गेले. दंगल झाली नाही, एक काचही फुटली नाही. तरी काही दिवसांनी फिलाडेल्फियात तिला अटक झाली आणि दंगलीला चिथावणी दिल्याचा खटला भरला. न्यूयॉर्कला आणताना गाडीत डिटेक्टिव्हनं तिला ऑफर दिली, की चळवळीतल्या बातम्या पुरव, खटला मिटवू. तिनं समोरच्या ग्लासातलं बर्फाचं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. शिक्षा झाली एक वर्षाची.

ब्लॅकवेल्स आयलंडच्या तुरुंगात तिला दवाखान्यात काम मिळालं, तिथेच ती नर्सिंग शिकली. पुढे व्हिएन्नाला जाऊन तिनं नर्स आणि सुईणीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. गरीब वस्त्यांत बाळंतपणं करताना सात-आठ पोरांनी पिचलेल्या बायका तिनं पाहिल्या. संततिनियमनाबद्दल ती बोलायला लागली ती तिथून. त्यासाठीही १९१६ मध्ये तिनं पंधरा दिवस तुरुंगात काढले.

न केलेल्या खुनाची आरोपी

६ सप्टेंबर १९०१. बफेलो शहरात लिऑन चोल्गोश नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसानं राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेंवर गोळ्या झाडल्या. आठ दिवसांनी ते गेले. चोल्गोशनं एमाचं एक व्याख्यान ऐकलं होतं आणि एकदा तिला ओझरता भेटलाही होता. एवढ्यावर देशभर तिचा शोध सुरू झाला. शिकागोत तिला पकडलं, दोन आठवडे डांबलं. पुरावा काही सापडला नाही, सोडावं लागलं.

चोल्गोशचा निषेध केला असता तर तिचं आयुष्य सोपं झालं असतं. तिनं तो केला नाही. नर्स म्हणून राष्ट्राध्यक्षांची सेवा करायचीही तिची तयारी होती. पण एक पिचलेला पोरगा एकटा पडलाय, त्याला मी तरी टाकणार नाही, ही तिची भूमिका. गंमत म्हणजे तुरुंगातून बर्कमननं उलट कळवलं. या कृत्यातून अमेरिकेत काही साधत नाही, असं त्याचं मत होतं. फ्रिकवर गोळी झाडणारा हा माणूस असं म्हणतो, म्हणून एमा हादरली.

चोल्गोशला फाशीऐवजी विजेच्या खुर्चीत बसवलं. राष्ट्राध्यक्ष गेला, दुसरा आला. अराजकवाद्यांवर मात्र ठिकठिकाणी हल्ले झाले आणि १९०३ मध्ये अराजकवादी विचाराच्या परदेशी माणसाला अमेरिकेत येऊ न देणारा कायदा आला. एमाला काही काळ नाव बदलून राहावं लागलं, कुणी घर भाड्यानं देईना.

पुस्तक घेऊन सभेला

१९०६ मध्ये तिनं मदर अर्थ हे मासिक काढलं. त्याच वर्षी बर्कमन सुटला. आता तिचं मुख्य हत्यार होतं व्याख्यान. एका दौऱ्यात १२० व्याख्यानं, ३७ शहरं. पोलीस हॉलला कुलूप लावायचे, ती दुसरा हॉल शोधायची. अटक कधीही होईल म्हणून सभेला जाताना ती वाचायला एक पुस्तक बरोबर घ्यायची. सॅन डिएगोत १९१२ मध्ये जमावानं तिचा सहकारी बेन राइटमनला पळवून नेलं, त्याच्या अंगाला डागण्या दिल्या, डांबर फासलं. एमाला शहर सोडावं लागलं. पण तिथे बोलायचा नाद तिनं सोडला नाही आणि १९१५ मध्ये ती बोललीच.

राजकीय हिंसेवर तिनं याच काळात एक निबंध लिहिला. त्यात फ्रान्सच्या संसदेत बॉम्ब टाकणारा व्हैयाँ आहे आणि लंडनला कर्झन वायलीला मारणारा आपला मदनलाल धिंग्राही आहे. एमाचा मुद्दा असा, की हिंसा करणारा माणूस राक्षस नसतो. त्याच्या आधी कुणाची तरी मोठी हिंसा चाललेली असते, तीही मोजा. हाच व्हैयाँ पुढे १९२९ मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत टाकलेल्या पत्रकात दिसतो.

मग आला जुलै १९१४. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या भरवस्तीतल्या इमारतीत बॉम्ब तयार होता होताच फुटला. चौघं मेले, त्यातले तीन तरुण कार्यकर्ते होते. बॉम्ब उद्योगपती रॉकफेलरसाठी होता, असं म्हटलं गेलं. एमा दौऱ्यावर होती. मदर अर्थचा अंक तिच्या गैरहजेरीत बर्कमननं काढला, त्यात डायनामाइटची भाषा होती. तो अंक पाहून तिला सगळे गठ्ठे जाळावेसे वाटले.

आणि तिला आठवली ती १८९२ ची रात्र. बर्कमन रसायनं हाताळतोय, शेजारी पोरंबाळं झोपलीत, आणि आपण मनाला समजावतोय की ध्येय मोठं असलं की साधन माफ असतं. हा वेडेपणा होता आणि त्यातून बाहेर यायला मला कित्येक वर्षं लागली, अशी कबुली तिनं आत्मचरित्रात दिली. ते तिला कुणी मागितलं नव्हतं.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सक्तीची सैन्यभरती आली. एमा आणि बर्कमननं विरोधात सभा घेतल्या. एका सभेत सैनिकांनी स्टेजवर बल्ब फेकून मारले. हॉल पेटायच्या बेतात होता. एमानं गर्दीला शांतपणे घरी जायला सांगितलं, कारण मारामारी झाली तर ती कुणाला हवी आहे हे तिला आता कळत होतं. पुढच्या सभेत पोलिसांनी दारातच तरुणांची भरतीची कागदपत्रं तपासून धरपकड केली. त्यानंतर तिनं सभाच थांबवल्या. पोरांना सापळ्यात घालायचं नाही, म्हणून. तरी दोघांना दोन वर्षांची शिक्षा झालीच.

ज्या देशाची स्वप्नं पाहिली

सुटका झाली आणि २१ डिसेंबर १९१९ ला बफर्ड नावाच्या जुन्या जहाजातून २४९ लोकांना रशियाला हद्दपार केलं. त्यात एमा आणि बर्कमन होते. हद्दपारीच्या कामात पुढाकार होता जे. एडगर हूवर या तरुण अधिकाऱ्याचा, जो पुढे एफबीआयचा प्रमुख झाला.

आइस्क्रीम पार्लरमध्ये पाहिलेलं स्वप्न असं पूर्ण झालं. रशियात आता क्रांती झाली होती. पण तिथे तिला भेटले भरलेले तुरुंग, गुप्त पोलीस आणि तोंड बंद केलेले जुने कॉम्रेड. फेब्रुवारी १९२१ मध्ये विचारवंत क्रोपोटकिन गेले. मॉस्कोतल्या त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो लोक काळे झेंडे घेऊन शांतपणे चालले. बोल्शेविक राजवटीत उघडपणे निघालेला अराजकवाद्यांचा हा शेवटचा मोठा जमाव.

महिन्याभरात क्रोनश्टाटच्या आरमारी तळावरचे खलाशी पेट्रोग्राडच्या संपकरी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. एमा आणि बर्कमननं सरकारला लेखी विनवलं, गोळी चालवू नका, मध्यस्थी करू. तोफा चालल्या. एमा दिवसरात्र त्यांचा आवाज ऐकत होती. १९२१ च्या अखेरीस दोघांनी रशिया सोडला. परत येऊन तिनं जे पाहिलं ते लिहिलं, तेव्हा युरोप-अमेरिकेतले डावे मित्र तुटले. भांडवलदारांना ती आधीच नकोशी होती, आता क्रांतिकारकांनाही झाली.

म्हणून ती पूर्ण अहिंसावादी झाली का? नाही. १९३६ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोच्या फौजांशी अराजकवादी बंदुकीनं लढत होते, तेव्हा सदुसष्ट वर्षांची एमा त्यांच्या मदतीला धावली. स्वसंरक्षण तिला मान्य होतं. पण दहशत हीच व्यवस्था बनली की क्रांती आतून मरते, हे रशियात पाहिल्यावर ती कधी विसरली नाही. त्याच वर्षी आजारानं खंगलेल्या बर्कमननं स्वतःवर गोळी झाडून घेतली होती.

१४ मे १९४० ला एमा टोरंटोत गेली. जिवंतपणी अमेरिकेनं तिला या काळात एकदाच, नव्वद दिवसांसाठी येऊ दिलं होतं. मेल्यावर मात्र परवानगी मिळाली. शिकागोजवळच्या वाल्डहाइम दफनभूमीत, हेमार्केटच्या हुतात्म्यांच्या स्मारकाजवळ तिला पुरलं. तिचं तेच गाव होतं म्हणायचं.

तिच्या नावानं टी-शर्टवर नाच आणि क्रांतीचं एक वाक्य फिरतं, तुम्हीही स्टेटसला पाहिलं असेल. त्या शब्दांत ती ते कधीच म्हणाली नाही. तिच्या थडग्यावर मृत्यूचं सालही चुकीचं कोरलंय, १९४० ऐवजी १९३९. आमचे सर म्हणतात, तारीख नेहमी दोनदा तपासा. मी आता तपासते. आणि मोर्चाची बातमी लिहिताना मागणी पहिल्या पॅरात येते का, हेही.